घाटातली काळी खूण

“रस्त्यावरील टायरच्या खुणेवरून गाडीचा वेग काढा,” फिजिक्सचे सर म्हणाले. त्याच आठवड्यात गणिताच्या तासाला इंटिग्रेशन शिकवून झाले होते. बारावीला हे दोन्ही विषय एकदम झेपतील का, या धास्तीत असलेल्या अन्विताला आज प्रथमच रीत आपसूक सुचली.

घरी परतताना ती घाटातील त्या वळणावर थांबली. ट्रकशी धडक होण्याआधी बाबांनी लावलेल्या शेवटच्या ब्रेकची काळी खूण अजून पुसली गेली नव्हती. प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या टेपने तिने ती मोजली आणि कठड्यावर बसून गणित सोडवले. उत्तर पाहताच तिने ते पुन्हा सोडवले, तरी आकडा तोच आला. बाबाच भरधाव होते.

आई दारातच उभी होती. “उद्या पोलिसांना ठणकावून सांगणार आहे मी. तुझ्या बाबांनी जन्मात कधी गाडी दामटली नाही. त्या ट्रकवाल्याला खडी फोडायला लावल्याशिवाय मी राहायची नाही!” मग तिचा स्वर निवळला. “आणि काय गं, जमतात का आता ते दोन विषय?”

अन्विताने मुठीतला कागद चुरगाळला.

“नाही गं आई. काहीच जमत नाही.”