वासाचं पाणी

झुंबरबाई टाकीच्या शिडीला पाठ लावून बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या.

वस्तीवरच्या सात लेकरांना कालपासून जुलाब-उलट्या सुरू होत्या. दोघांना भोकरदनला सलाईन लागलं होतं. सारी वस्ती ह्याच टाकीचं पाणी प्यायची आणि टाकी झुंबरबाईंच्या अंगणात होती.

"सरका ना आजी, टाकीत औषध टाकायचंय," अंबरीन सिस्टर म्हणाली.

"ती वासाची पावडर माझ्या पाण्यात पडणार न्हाई. पटकीच्या साली सरकारी माणसं बैलगाडीतून पिंप घेऊन आल्ती. विहिरीला वास सुटला अन् त्याच दिवशी माझी गोदा गेली. चार वर्साची होती."

"पावडर संपलीय. उद्या येईल."

"मंग काय टाकती, मंतर?"

"मूठभर मीठ द्या, सांगते."

दिवे लागल्यावर घरातलं मीठ कुणाला देत नाहीत; दिवेलागणीला अजून अवकाश होता, म्हणून झुंबरबाईंनी मीठ दिलं.

अंबरीनने मोठ्या बरणीत त्याच टाकीचं पाणी घेतलं, मीठ विरघळवलं. पिशवीतून दोन पत्र्यांची एक दांडी काढून आत सोडली आणि तिच्या तारा झुंबरबाईंच्या लेकाच्या, कल्याणच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडल्या. पत्र्यांवरून खसखशीएवढे बुडबुडे उठू लागले. मग पाणी दुधासारखं पांढुरकं झालं.

झुंबरबाई केव्हा शिडी सोडून बरणीपाशी येऊन बसल्या, त्यांनाही कळलं नाही. त्यांनी बरणीला बोट लावलं. गार होती.

"इस्तू न्हाई, जाळ न्हाई, अन् उकळून राह्यलं!"

"आई, चहा घे," कल्याण दोनदा म्हणाला. चहा निवून गेला. अडीच तास त्या हलल्या नाहीत. देवळात बसावं तशा बसल्या होत्या, पदर डोक्यावर घेऊन.

अंबरीनने तारा काढल्या. पाणी निवळलं. तिने बरणी त्यांच्या नाकाशी धरली आणि झुंबरबाई दचकून मागे सरल्या.

"हा तर तोच वास!"

"तोच. तुमच्याच मिठातून, तुमच्यासमोर बनला. ह्यानं रोग मरतो, आजी. तेव्हा पावडर उशिरा आली होती. रोग तिच्या आधीच विहिरीत उतरला होता."

झुंबरबाई उठून शिडीपाशी गेल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली, हलू नये म्हणून. अंबरीन बरणी घेऊन वर चढली. झाकण उघडलं, पाणी टाकीत ओतलं.

खालून आवाज आला, अगदी हळू.

"पोरी, मीठ तर तवाबी घरात होतं."