अजानची वेळ

सवयीने एकनाथरावांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थबकला.

दिवस मावळला होता. नामपल्लीतलं त्यांचं हॉटेल आणि शेजारची मशीद यांच्यात एकच भिंत. गेली अठरा वर्षं संध्याकाळच्या अजानच्या आधी हॉटेलातलं गाणं बंद व्हायचं. आधी ग्रामोफोन होता, मग हा रेडिओ आला. अजान देणारे ख्वाजामियाँ नमाज उरकून मागच्या दाराने यायचे आणि बशीत चहा ओतता ओतता त्या दिवशीच्या गाण्यांना नावं ठेवायचे. पाच दिवसांपूर्वी निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली. तेव्हापासून अजान झाली नव्हती. ख्वाजामियाँ बायकोला घेऊन मशिदीच्या खोलीत कडी लावून बसले होते. एकनाथरावांनी दोनदा दार वाजवलं, नावाने हाका मारल्या. आत कोणीतरी खोकलं, तेवढंच.

इकडे हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. दिल्लीचं स्टेशन लावलेलं, आवाज पुरा वर, आणि लोक टेबलं बडवत गात होते. आनंद एकनाथरावांनाही झालाच होता; सख्खा भाऊ परवाच निजामाच्या तुरुंगातून सुटून आला होता. पण हा दंगा भिंतीपलीकडे कसा ऐकू येत असेल, हा विचार त्यांच्या मनातून जात नव्हता.

कोर्टातले कारकून दत्तात्रय जन्मात पहिल्यांदा पांढरी गांधीटोपी घालून आले होते. बटणावरचा हात त्यांनी बरोबर हेरला.

"काय हो, आता कोणाला भिता?"

"भीत नाही जी. अजानची वेळ झाली."

"देतंय कोण अजान? राहू द्या चालू."

"हौ, राहू द्या!" कोपऱ्यातून एकजण ओरडला. "का तुम्ही बी रझाकारांचेच?"

सगळे हसले. एकनाथरावही हसले. रेडिओ बंद केला, तर उद्या दारात कोण येऊन उभं राहील, याचा नेम नव्हता. चालू ठेवला, तर ख्वाजामियाँ बाहेर येणार नव्हते. गाणं थांबलं की म्हातारा ओळखेल. अठरा वर्षांची खूण होती ती.

त्यांनी बटण फिरवलं.

हॉटेल चिडीचूप झालं. दत्तात्रयांची बशी ओठांपाशीच राहिली. चिडायचंही कोणाला सुचेना. जो तो भिंतीकडे बघू लागला. द्या हो ख्वाजामियाँ, एकनाथराव मनात म्हणाले, एकदा द्या.

पलीकडे पावलं वाजली. हळूहळू दारापर्यंत आली. एकनाथरावांचा चेहरा उजळला.

मग फरशीवरून लोखंडी पेटी ओढत आणून आतून दाराला लावल्याचा आवाज आला. अख्ख्या हॉटेलाला तो ऐकू गेला.