धुरी

मी शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि ऊद टाकला, न्हाऊन आलेल्या नातीला मांडीवर घेतलं आणि सुनेला सुनावलं, "माझी चारही पोरं अशीच धुरी घेऊन वाढलीत. तू मला शिकवू नकोस."

"अहो आई, गावच्या घराला कौलं होती, धूर वर निघून जायचा. इथे जाणार कुठे?"

एसीचा गारवा वाया जाऊ नये म्हणून लेकाने खिडक्यांच्या साऱ्या फटी रबराने बुजवल्या होत्या. मी तिकडे लक्ष दिलं नाही. धूर छताला टेकला, मागे फिरला आणि आमच्याच अंगावर उतरला. नात खोकली, आणि मग खोकायची थांबेचना. तिचं तोंड लालबुंद झालं.

शेगडी मीच उचलून बाल्कनीत ठेवली आणि खिडक्या सताड उघडल्या. "घर घेतलंस की लोणच्याची बरणी?" मी लेकावर ओरडले. "ते रबर काढ आधी. विजेचं बिल येईना का जास्त!" वारा आत आला तशी पोर निवली. सुनेने बाल्कनीत जाऊन निखाऱ्यांवर पाणी ओतलं. शहाणी आहे.

पुढच्या आठवड्यात विहीणबाई आल्या, पिशवीत गोवऱ्या आणि ऊद घेऊन. मी त्यांना दारातच अडवलं. "बंद घरात लेकराला धूर देतात का कुणी? आमच्याकडे असलं चालत नाही."

सून तोंडाला ओढणी लावून आत पळाली. हसू दे. खिडकी उघडी होती आणि पोर गाढ झोपली होती.