उलट्या गाडीचा पहिला मान

"दाब की राव बटण! का मुहूर्त बघतोस?" सावळेराम ओरडला.

जयवंतचं बोट बटणावर होतं, पण दाबवेना. आणे गावच्या जत्रेत त्या दोघांची झुकझुक गाडी कैक वर्षं चालत आलेली. साखळीने उंच चढायची, वरून सुटायची, पोरं किंचाळायची. यंदा शेजारी आकाशपाळणा आला आणि गाडीकडे चिटपाखरू फिरकेना. सावळेरामने टीव्हीवर उलटी धावणारी गाडी पाहिली होती. झालं, तेच खूळ त्याच्या डोक्यात शिरलं.

सकाळी डबे उलटे फिरवून रुळावर चढवले. गाडी चढावरून मागे घसरू नये म्हणून डब्यांखाली असलेला अडसरही जयवंतने फिरवून बसवला. मग माणसांच्या जागी कांद्याच्या गोण्या भरल्या. ते काम जयवंतचंच. त्याची अर्धी हयात बाजाराला जाणारे टेम्पो भरण्यात गेली होती. बोलता बोलता त्याने डबे भरून टाकले. गाडी पाठमोरी चढली, पाठमोरी उतरली. एक गोणी हलली नाही. सावळेरामने तिथंच नारळ फोडला.

तरी जयवंतच्या जिवाला चैन नव्हतं. त्याने पुन्हा नट आवळले, पुन्हा साखळी पाहिली. खोट सापडेना.

पहिल्या फेरीचा मान घरच्या थोरल्या माणसाचा. म्हणून जयवंतची आई चिमाबाई पुढच्या डब्यात बसली होती. मांडीवर नात, साक्षी. मागे बायका-पोरं दाटीवाटीने बसलेली. सगळ्यांच्या पाठी चढाकडे, आणि पुढ्यात आडवी एकच दांडी. चढावर ही सारी माणसं त्या दांडीवर ओणवी पडणार, हे जयवंतला दिसत होतं. पण मग गोण्या का नव्हत्या पडल्या? त्यांनी तर तसूभर जागा सोडली नव्हती. भित्रा झालास लेका, त्याने स्वतःलाच सुनावलं.

"सर बाजूला, मीच दाबतो," म्हणत सावळेराम पुढे आला. जयवंतने त्याचं मनगट धरलं.

"थांब. न्हाई सोडायची गाडी."

"का? कारन सांग!"

लोक शिट्ट्या मारू लागले. लाजेने जयवंतचे कान तापले, पण मनगट त्याने सोडलं नाही.

"सकाळी एवढ्या गोण्या फिरवल्या," सावळेराम खेकसला, "एक तरी हालली का?"

"हालतील कशा?" डब्यातून चिमाबाई म्हणाली. "टेम्पोत बांधतो तशा सवयीनं दोरानं आवळल्या व्हत्या यानं. आमाला कुटं बांधलंय?"