आयाळीची दोन पाकिटं

सेनापतीच्या पाकिटातले केस तिने डाव्या मुठीत घेतले, उमेदवाराचे उजव्या. मग डाव्या मुठीतले उमेदवाराच्या पाकिटात गेले आणि उजव्या मुठीतले सेनापतीच्या. अर्ध्या मिनिटाचं काम. पण हाताला असा घाम फुटला होता की एक केस अंगठ्याला चिकटला तो सुटता सुटेना.

दोन्ही घोडे तपकिरी, दोघांची आयाळ काळी. कुणाच्या बापाला फरक कळला नसता. कळला असता तो फक्त प्रयोगशाळेला, आणि पाकिटं तिथेच तर निघाली होती.

नोंदणी कार्यालयाचा नवा नियम होता. शिंगराचा बाप नुसता रजिस्टरात लिहून आता चालणार नव्हतं. शिंगरू, त्याची आई आणि फार्मवरचे सगळे नर, प्रत्येकाचे मुळासकट उपटलेले केस पाठवायचे. सकाळी डॉक्टर केस काढून गेले. पाकिटं ऑफिसातल्या टेबलावर उघडीच होती, कारण ती चिकटवून वर सही करायचा मान सासऱ्यांचा. तीस वर्षं त्यांनी हे फार्म चालवलं, आणि तीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एक खाडाखोड नव्हती. घोडे बघायला येणारे लोक आधी ते रजिस्टर बघायचे, मग घोडे.

ती लग्न होऊन आली तेव्हा घोड्याच्या मागून चालायचं नसतं, एवढंही तिला ठाऊक नव्हतं. नवरा कायम शर्यतीच्या मैदानावर, घोडे तयार करण्यात बुडालेला. सासऱ्यांनीच तिला बोट धरून शिकवलं. आता पागा तीच बघायची. त्यामुळे कडीची चूकही तिचीच.

उमेदवाराच्या कुंपणाची कडी.

उमेदवाराचं काम मोठं केविलवाणं. घोडी माजावर आली का, ते बघायला त्याला पुढे करायचं. ती राजी दिसली की त्याला ओढून मागे न्यायचं आणि सेनापतीला वाजतगाजत आणायचं. "जन्मभर उभं राहायचं, निवडून कधी यायचं नाही," असं मोतद्दार त्याला खरारा करता करता म्हणायचा. नावही त्यानेच ठेवलेलं.

गेल्या वर्षी कस्तुरी घोडी सेनापतीला दाखवली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला उमेदवार कस्तुरीच्या कुंपणात दिसला. मान खाली घालून चरत होता, अगदी साळसूद. तिने त्याला गुपचूप परत नेलं, कडी घातली आणि तोंडाला कुलूप लावलं. सासऱ्यांची खिडकी तिकडेच उघडायची. पण चष्म्याशिवाय मला समोरची भिंतसुद्धा दिसत नाही, हे तर ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

अकरा महिन्यांनी शिंगरू झालं. लांब पाय, मोठे डोळे. सगळे म्हणाले, सेनापतीची पाठ आहे. ती मात्र, ते कुंपणावरून मान काढून पलीकडे बघायला लागलं की, त्याला हाकलून आईपाशी न्यायची. असं आशेनं फक्त एकच घोडा बघायचा.

ते उमेदवाराचं निघालं, तर शर्यतीत कधीच पळू शकणार नव्हतं. उमेदवाराला बाप म्हणून मान्यता नव्हती. आणि रजिस्टरात पहिली खाडाखोड होणार होती. तिच्यामुळे.

"सूनबाई, पाकिटं आहेत ना जागेवर?" संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं.

"टेबलावरच आहेत, बाबा."

"मी बघतो त्यांचं. तू जा, दाण्याचं बघ."

चार पाकिटांना त्यांनी बराच वेळ लावला. जेवायला बसले तेव्हा त्यांच्या बोटांवर डिंक वाळला होता. मान वर न करता ते त्याचे पापुद्रे काढत बसले.

"एवढा डिंक, बाबा?"

"हात थरथरतो हल्ली. वय झालं."

तिला भरून आलं. असल्या सरळ माणसाच्या सहीखाली आपण काय भरून ठेवलंय!

पुढचे तीन आठवडे तिचा पाय एका जागी ठरेना. पागेतून ऑफिसात, ऑफिसातून पागेत. दिसेल त्या कडीला हात लावून बघायची.

"वहिनी, कडी आहे ती," मोतद्दार म्हणाला. "सारखं चाचपलं म्हणून बाळंत होणार नाही."

सासरेही बेचैन होते. ज्यांनी कधी टपालाची चौकशी केली नाही, ते रोज फाटकापर्यंत जायला लागले. घरच्या शिंगराचं कौतुक, दुसरं काय, असं तिला वाटायचं आणि तिला आणखीच लाज वाटायची.

पत्र आलं तेव्हा ते टेबलाशीच होते. त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग तिच्याकडे सरकवलं.

आई, कस्तुरी. बाप सेनापती नाही. बाप, उमेदवार.

तिने शेवटच्या शब्दावर बोट ठेवून ओळ परत वाचली. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. उमेदवाराच्या पाकिटात केस कुणाचे होते? सेनापतीचे! म्हणजे शिंगरू पहिल्यापासून सेनापतीचंच होतं. उमेदवार त्या सकाळी खरंच नुसता चरत होता. वर्षभराची भीती खोटी होती, आणि चांगल्या शिंगराला डाग लावला तो तिच्याच हातांनी.

रडावं की हसावं तिला कळेना.

"बाबा, शिंगरू सेनापतीचंच आहे," ती म्हणाली. "घोळ मी घातला. गेल्या वर्षी कडी मी विसरले होते. उमेदवार कस्तुरीपाशी गेला होता. मी घाबरले, आणि त्या दिवशी दोन्ही पाकिटांतले केस बदलले. नोंदणी कार्यालयाला सगळं खरं लिहू. दोष माझ्या नावावर घाला. ते परत केस नेतील, आणि सगळं नीट होईल. बाबा, ऐकताय ना?"

त्यांनी चष्मा काढला. खिडकीबाहेर शिंगरू कुंपणावरून मान काढून उभं होतं. चष्मा हातातच होता, तरी ते त्याच्याकडे बघत राहिले.

"कधी बदललेस?" त्यांनी विचारलं.

"दुपारी. तुम्ही जरा आडवे झाला होतात तेव्हा."

"मीपण बदलले," ते म्हणाले. "संध्याकाळी."