अर्धा आटा

थोरला गॅरेजमध्ये शिरला, तर धाकटा आधीच तिथल्या स्टुलावर बसलेला. दोघांनीही मिस्त्रीकडे रागाने पाहिलं. सकाळी साडेसातला दोघांनाही बोलावलंय, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"गाडी रात्रभर इथेच ठेवून घेतली," मिस्त्री म्हणाला. "तिचं दुखणं इंजिन गार असतानाच दिसतं. तुम्ही तिला तापलेली आणता, आणि स्वतःही तापूनच येता."

गाडी वडिलांची. जुनी, कार्बोरेटरवाली. वडील गेल्यावर ती विकायचा दोघांनाही धीर झाला नाही. मग दिवस वाटून घेतले: एक दिवस खालच्या मजल्यावरच्या थोरल्याचा, दुसरा वरच्या मजल्यावरच्या धाकट्याचा. बोलणं मात्र वर्षभर बंद होतं. जिन्यात समोरासमोर आले की दोघंही भिंतीकडे बघायचे. जे काही सांगायचं ते आईमार्फत. गुडघे धरत ती दिवसातून तीन-चारदा जिना चढायची, उतरायची.

गेला महिनाभर गाडी सकाळी चालू केली की नुसती डरकाळी फोडायची. चोकची मूठ आत ढकलली तरी आवाज उतरायचा नाही. थोरला बॉनेट उघडायचा आणि उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग ठरवणारा रेसचा स्क्रू अर्धा आटा ढिला करायचा. दहाएक मिनिटांत इंजिन शांत व्हायचं. आपल्याला गाडीतलं कळतं, या समाधानात तो कामाला जायचा. पुढच्या पाळीला पुन्हा तीच डरकाळी. याचा अर्थ उघड होता. मधल्या दिवशी धाकट्याने स्क्रू परत आवळला होता.

"त्याला सांग, वडिलांच्या गाडीत बोटं घालू नकोस म्हणावं," थोरला आईला सांगायचा.

आई वर जायची आणि थोड्या वेळाने खाली यायची. "तो म्हणतो, हेच तुला सांगायला."

आठवडाभरापासून गाडी भर चौकात बंदही पडायला लागली. तेव्हा दोघंही आपापल्या दिवशी मिस्त्रीकडे येऊन भावाची तक्रार करून गेले.

मिस्त्रीने चोक ओढून चावी फिरवली. फळीवरचे डबे थरथरले. त्याने चोक आत ढकलला. डरकाळी तशीच. मग त्याने दोघांना जवळ बोलावलं. दोन डोकी बॉनेटखाली आली, मध्ये जेमतेम वीतभर अंतर.

"ही पट्टी बघा," तो आवाजावर ओरडून म्हणाला. "चोक ओढला की ही रेस वर उचलून धरते. चोक आत गेला की हिनं खाली पडायला हवं. पण जुन्या ग्रीसचा चिकटा झालाय, त्यात ही अडकते. इंजिन तापलं, चिकटा सैल झाला, की आपसूक पडते."

"आणि स्क्रू?" थोरल्याने विचारलं.

"तोवर स्क्रू कुठे टेकतच नाही. त्याला फिरवा, नाही तर माझ्या स्टुलाला फिरवा. फरक शून्य."

त्याने ब्रश पेट्रोलमध्ये बुडवून पट्टी घासली. बोटाने हलवली. ती टक् करून खाली आली. डरकाळी उतरली, इंजिन दोन-तीनदा अडखळलं आणि बंद पडलं. मिस्त्रीने चिमटीत स्क्रू धरला. पेचकस न लावताच तो हातात आला.

"शेवटच्या आट्यावर लटकत होता," तो म्हणाला. "म्हणून चौकात बंद पडायची. महिनाभरात याला कुणीही आवळलेलं नाही. दोघांनी मिळून नुसता ढिला केलाय."

थोरल्याने वर्षभरानंतर पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिलं.

"तू ढिला करत होतास?"

"मग? तू आवळतोस म्हणून."

"मी कशाला आवळेन? विचारायचं होतंस."

"विचारायचं?" धाकटा उसळला. "दादा, तू तरी कधी काही विचारलंस?"

"ज्या ऑपरेशनमध्ये वडील गेले, त्याच्या कागदावर सही केलीस, तेव्हा तू मला विचारलंस?"

मिस्त्री मान खाली घालून स्क्रू बसवू लागला.

"डॉक्टरांनी दहा मिनिटं दिली होती," धाकटा म्हणाला. "तू दौऱ्यावर. फोन बंद. तुझ्या ऑफिसात निरोप ठेवला."

"मला कुणी दिला नाही निरोप."

"मग मी काय करायला हवं होतं? तू असतास तर काय केलं असतंस?"

 

"सही," थोरला म्हणाला. मग एकदम भडकला. "पण हे मला वर्षभर सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तू भिंतीकडे बघत होतास!"

"तू बघत होतास भिंतीकडे!"

मिस्त्रीने शांतपणे बॉनेट लावलं आणि चावी पुढे केली. ती थोरल्याने घेतली, आणि दिवस कुणाचा हे न बघता धाकटा शेजारच्या सीटवर बसला. दोन्ही दारं आपटली. गल्लीच्या टोकापर्यंत मिस्त्रीला त्यांचे आवाज ऐकू येत होते.

गाडी घरासमोर थांबली तेव्हा दोघंही आतच बसून एकमेकांवर ओरडत होते. थोरला स्टिअरिंगवर हात आपटत होता, आणि धाकटा डोळे पुसता पुसता बोट नाचवत होता. शेजारच्या बाई धावत आल्या.

"अहो, बघत काय बसलात? आवरा की त्यांना!"

आई जिन्याच्या खालच्या पायरीवर पाय पसरून टेकली होती.

"ओरडू द्या हो," ती म्हणाली. "वर्षभर दोघांच्या वाटचं मी एकटीच बोलत होते."