बुधवारचा उपास

वनमालाने भाताचा टोप पाटांच्या मधोमध आणून ठेवला आणि मनाशी ठरवून टाकलं, आजही यात भात उरला तर उद्यापासून स्टोव्हपाशी बसायचं नाही. रांधणं सासूबाईंच्या हाती परत द्यायचं आणि आपण मुकाट्याने भांडी घासायची.

लग्न होऊन भांडुपच्या या खोलीत आल्यापासून एकदाही टोप रिकामा झालेला तिने पाहिला नव्हता. ती रोज मूठ मूठ तांदूळ कमी करत गेली, तरी भात उरायचाच. आज तर तिने इतका थोडा टाकला होता, की चार माणसांना पुरेल की नाही याची तिलाच धास्ती. सोबत काळ्या वाटाण्याचं सांबार होतं, माहेरी शिकलेलं, खोबरं चांगलं लालबुंद भाजून वाटलेलं. त्याच्या वासाने शेजारीण दोनदा काही ना काही निमित्त काढून दारात डोकावून गेली होती.

घरच्यांची तऱ्हा वेगळी. सासरे लवू परब यांनी पहिला भात संपवला आणि ताटावर हात आडवा धरला.

"पुरे गो. आज पोट जरा जड आसा."

तिने टोप नवऱ्याकडे वळवला. चंद्रप्रकाशने नजर चुकवली. "मला नको. कँटिनमध्ये वडा खाल्ला ना आज."

राहिल्या सासूबाई. जानकीबाई रेशनच्या तांदळातले खडे निवडायला बसल्या, की खड्याबरोबर गेलेला दाणासुद्धा शोधून परत घ्यायच्या. निदान त्या तरी डावभर भात घेतील, अशी वनमालाला आशा होती.

"माका नुको," जानकीबाई म्हणाल्या. "माझो आज उपास."

"आई, आज बुधवार."

जानकीबाईंचा उपास सोमवारचा, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. शिवाय त्यांच्या बोटांना अजून सांबारभात लागलेला होता.

वनमालाने डाव खाली ठेवला आणि तिला रडूच कोसळलं.

"माझ्या हातचां जेवाण तुमका आवडणा नाय तर सरळ सांगा. उद्यापासून आईनी रांधूचां. मी रांधूचंय नाय."

"कोण म्हणता आवडणा नाय?" लवू परब चपापले.

"मग रोज टोपात उरता कित्याक?"

परबांनी ताटातल्या सांबारात बोटाने एक रेघ ओढली, ती पुसली, आणि चोरी पकडल्यासारखं तोंड करून म्हणाले, "उरता खंय? मी उरवतंय. सकाळच्या त्या थापट्यांसाठी."

वनमाला बघतच राहिली. रात्रीचं उरलेलं सासूबाईंच्या डोळ्यांना दिसायला नको म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठायची, शिळा भात आणि आटलेलं सांबार एकत्र कुस्करायची, त्यात कांदा, मिरची, थोडं तांदळाचं पीठ घालायची आणि तव्यावर थापून कडा कुरकुरीत होईपर्यंत भाजायची. तिच्या मते तो नुसता लाज झाकायचा उद्योग होता. चहाबरोबर थापट्यांचा फडशा पडायचा खरा, पण रात्री अर्धपोटी उठलेली माणसं सकाळी समोर येईल ते खाणारच, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

"रात्री पोटभर जेवलंय तर सकाळी थापटे खंयसून?" परब म्हणाले.

"म्हणजे बाबा, तुम्ही पण?" चंद्रप्रकाश उडालाच. "मी इथे रोज वड्याचं खोटं सांगतोय! मला वाटलं, मी एकटाच."

मग बापलेक दोघेही जानकीबाईंकडे बघू लागले. त्या उगाचच पदर सारखा करत होत्या.

"माझो खरोच उपास."

"बुधवारचो?" परबांनी विचारलं.

"आजपासून धरलंय," जानकीबाई ठसक्यात म्हणाल्या आणि पुढच्याच क्षणी त्यांना असं काही हसू फुटलं, की ठसका लागला. चंद्रप्रकाशने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्याच्याही हसण्याने पाणी सांडलं.

"माका सांगूचां तरी," वनमाला डोळे पुसत म्हणाली. रडत होती की हसत, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"नव्या सुनेक कोण सांगतलो, तुझ्या ताज्यापेक्षा शिळां बरां लागता म्हणान?" जानकीबाई म्हणाल्या.

वनमालाने डाव उचलला. या वेळी कोणाचाही हात आडवा आला नाही. सासऱ्यांचं पोट हलकं झालं, वडा पचला, नुकताच धरलेला उपास सुटला. तिने टोप तिरका करून तळाची खरवडसुद्धा काढून वाढली. रिकामा टोप मांडीशी घेऊन ती जेवली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला जेवण गोड लागलं.

हात धुतल्यावर चंद्रप्रकाशचं लक्ष टोपाकडे गेलं. "वाट लागली. मग सकाळी काय?"

तिघांचेही चेहरे पडले. जानकीबाई मात्र उठल्या. माळ्यावरून त्यांनी गावच्या उकड्या तांदळाचा डबा ओढून काढला. गणपतीसाठी राखलेल्या त्या डब्याला एरवी त्या कोणाला हात लावू देत नसत. त्यांनी शिगोशीग माप भरलं, वर आणखी एक मूठ टाकली आणि टोप विसळायला घेतला.

"आई, आता?" वनमाला म्हणाली. "सगळ्यांची जेवणां झाली मां?"

"आता नाय रांधलो," जानकीबाई स्टोव्हला पंप मारत म्हणाल्या, "तर सकाळपर्यंत शिळो कसो होतलो?"